पाण्याकाठचा मलिदा

मलिदा कुठं करायचा यावरून नालवाडी आणि सेलू मिळून दोन दिवस घोळ चालला होता. अठ्ठ्याहत्तर साल नुकतंच लागलं होतं. दाऊदचं वर्ध्यालगतच्या नालवाडीचं घर आवरून झालेलं. भांडी शेजारपाजारी गेली, कपाट गेलं, आणि तो नि त्याची बायको हन्नावैनी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे सतरंजीवर झोपत होते. येत्या आठवड्यात मुंबई, तिथून विमानानं इस्राएल. दोन्ही मुलगे आधीच तिकडं जाऊन स्थिरावले होते. लांबच्या प्रवासाआधी एलियाहू नबीच्या नावानं मलिदा करायचा, भिजवलेल्या पोह्यांत गूळ-खोबरं कालवून वर फळं मांडायची, हा बेने इस्राएल ज्यू लोकांचा जुना रिवाज. दाऊदचे वडील होते तेव्हा ते त्यासाठी पवनारला, धाम नदीच्या काठी जायचे. आपण कोकणातले, पाणी दिसलं पाहिजे, असं ते म्हणत.

शेवटी हा घोळ दाऊदच्या बहिणीच्या, अन्नपूर्णेच्या सासऱ्यांनी, लक्ष्मणरावांनी मिटवला. सेलूच्या घरात ओसरीवर बसल्या बसल्या ते म्हणाले, "पानीच पाह्यजे ना? मंग आमच्या पान्यावर चला."

आत चुलीपाशी अन्नपूर्णेचा हात थांबला. आमचं पाणी म्हणजे बोर नदीवरचं धरण. त्या पाण्याखाली लक्ष्मणरावांचं गाव होतं, पिंपळझरी. घर, तेलाचा घाणा, वावर, सगळं. अन्नपूर्णा त्याच गावात नवरी होऊन आली होती आणि लेकीचा, नलूचा जन्मही तिथलाच. नलू सहा वर्षांची असताना गाव उठलं, आणि ही मंडळी सेलूला आली.

अन्नपूर्णेचं माहेरचं नाव रिबका. ती वर्ध्याच्या रेल्वे क्वार्टरात वाढली. शेजारच्या खोलीत शिकायला राहिलेल्या प्रभाकरशी तिनं लग्न केलं, त्याला आता तेवीस वर्षं झाली. त्या दिवशी तिचे वडील आणि थोरला भाऊ दाऊद घरात जमिनीवर बसले. माणूस मेलं की बसतात तसे, सात दिवस. आठव्या दिवशी उठून दोघं कामावर गेले. वर्धा ते सेलू अकरा मैल. तेवढ्या अंतरावर अन्नपूर्णा चुलीपुढं जिवंत बसलेली असायची आणि माहेरच्यांच्या लेखी ती मेलेली होती. वडील गेले, तेव्हाही तिला कोणी सांगायला आलं नाही.

सासऱ्यांनी मात्र तिला एवढंच विचारलं होतं, "तुह्या बापाचे लोक कोकणात काय करत?"

"घाणा चालवायचे. शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक शनवारतेली म्हणत."

लक्ष्मणराव मोठ्यानं हसले होते. "मंग तं तेलीच हाये! आपल्यातलीच निघाली पोरगी." आणि ताटातल्या तांदळात बोटानं तिचं नवं नाव लिहून दिलं होतं.

एवढ्या वर्षांची ही गाठ सैल झाली ती नलूमुळं. मागच्या दिवाळीत हन्नावैनी सेवाग्रामच्या दवाखान्यात पडल्या, आणि नर्सिंग शिकणारी नलू नेमकी त्यांच्याच वॉर्डात होती. पोरीचं नाक आणि चालणं पाहून हन्नावैनींनी विचारलं, "तू रिबकाची का गं?" त्यानंतर दाऊद दोनदा सेलूला येऊन गेला होता. यायचा, ओसरीवर बसायचा, चहा घ्यायचा, हवापाण्याचं बोलायचा. बहिणीला नावानं हाक मात्र त्यानं अजून मारली नव्हती.

रविवारी जेवणं आटोपून सगळे मेटाडोरमध्ये बसले. गाडी प्रेमदासनं आणली होती. प्रेमदासचं सेलूच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. फाळणीत सिंधमधून आलेला, आणि प्रभाकररावांचा इतका जिवलग की घरातलं बोलणं त्याच्यासमोर कधी अडत नसे. मलिद्याची परात मांडीवर धरून अन्नपूर्णा आणि हन्नावैनी एकमेकींना टेकून बसल्या. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाच्या गाड्या घासून गेल्या होत्या, काट्याकाट्याला पांढरे पुंजके अडकले होते. वाऱ्यानं ते हलत होते, पण सुटत नव्हते. बघता बघता अन्नपूर्णेचे डोळे जड झाले. वेलचीचा वास, गाडीची घरघर, वैनींच्या खांद्याची ऊब. आपण वडिलांबरोबर पवनारला निघालोय असं तिला क्षणभर वाटलं, आणि ते तिनं वाटू दिलं.

पाणी अगदी निवांत होतं. हिवाळ्यातलं भरलेलं पाणी, पलीकडं सागाचं रान, आणि दुपार असूनही मधे पातळ धुरकट पडदा धरलेला. रान कुठं संपतं आणि त्याची सावली कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. लक्ष्मणरावांनी काठी उचलून पाण्यावर एक जागा दाखवली.

"तो पानकोंबड्यांचा थवा दिसते ना, त्याच्या खाली आपलं घर."

थवा हळूहळू सरकत होता, त्यामुळं घरही सरकतंय असं वाटत होतं. अन्नपूर्णेला अजून एक स्वप्न पडायचं. पिंपळझरीच्या चुलीपुढं ती बसलेली आहे, वर खूप उंचावर पाण्याचा उजेड हलतो आहे, आणि तव्यावरची भाकर शांतपणे फुगते आहे.

काठावर चादर अंथरून परात ठेवली. परातीभोवती संत्री, पेरू, केळी, खजूर, आणि येताना वाटेत वेचलेली बोरं. दाऊदनं डोक्याला टोपी घातली आणि पश्चिमेकडं तोंड करून तो उभा राहिला. रेल्वेत गार्ड म्हणून जन्म काढलेला माणूस. आवाज अजून लांब पोचायचा. हिब्रू शब्द पाण्यावरून जाऊन रानातून परत येऊ लागले. खरं तर अशा वेळी दहा पुरुष असले तर बरं. त्यांच्यातला तो एकटाच होता. लक्ष्मणरावांनी न सांगता डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि त्याच्यामागं बसले. प्रेमदासनं रुमाल बांधला. ते दोघं मोजणीत येणारे नव्हते, तरी बसले. अन्नपूर्णेचे ओठ आपोआप हलत होते. विसरले म्हणून सोडून दिलेले शब्द तोंडात होतेच, दाऊदच्या मागून अर्ध्या श्वासानं चालत होते.

मलिदा वाटला गेला. तोंडात गूळ असताना माणसं जरा सैल बोलतात. लक्ष्मणरावांनी विचारलं, "पाव्हणे, तो देश तुमच्यातल्या कोनं पाह्यला होता?"

"कोणीच नाही."

"तुमच्या आज्यानं?"

"नाही. दोन हजार वर्षांपूर्वी निघाले म्हणतात आमचे लोक. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं. वाचले ते तिथंच राहिले. भाषा विसरले, पोथ्या विसरले. शनिवार विसरले नाहीत, आणि ती दिशा विसरले नाहीत. बाबा क्वार्टरातसुद्धा पश्चिमेच्या भिंतीकडं तोंड करायचे. भिंतीपलीकडं मालधक्का होता."

प्रेमदास हसला. "दादा, माझंबी घर तिकडंच हाये. तुमच्याच लाइनवर, अलीकडलं टेसन."

दाऊदलाही हसू आलं. मग प्रेमदासचा आवाज खाली गेला. "सिंधमधलं आमचं हैदराबाद. घराघराच्या छतावर हवा धरायचे झरोके असत, मंघ म्हणत त्याले. रातच्याले सगळं गाव श्वास घेऊन राह्यलं, असं वाटे. तुम्ही न पाह्यलेल्या गावासाठी दोन हजार साल रडले. मी पाह्यलेल्या गावाचं नाव काढलं, तं माझी पोरं म्हणतात, बाबा, रेडिओ लावा. राष्ट्रगीतात सिंध येते, तेव्हा मी उभा असतो. खाली बसलो की नकाशात नसते."

"स्वप्नात येतं का?" अन्नपूर्णेनं विचारलं. विचारून तीच दचकली.

"रस्ता येते, वैनी. घर नाई येत. वळणापोतर जातो, अन् जाग येते."

लक्ष्मणराव बोर चघळत पाण्याकडं पाहत होते. "मी तं दरसाल जातो. वैशाखात पानी उतरते, देवळाचा ओटा वर येते. चिखल वाळला की चालत जातो."

"जाऊन काय करता?" दाऊदनं विचारलं.

"काई नाई. बसतो. मंग घरी येतो." त्यांनी बी थुंकली. "तुमचं बरं हाये, पाव्हणे. तुमाले देवानं सांगितलं, परत यान. आमाले साहेबानं सांगितलं, जा. परत याचं तो काई बोललाच नाई."

पाणी काठच्या दगडाला बारीक आवाज करत लागत होतं. मग लक्ष्मणरावांनीच पुन्हा विचारलं, अगदी सहज, वावराच्या बांधावर विचारावं तसं, "पन एक सांगा. तुमी तिथं परत चालले, तं मधल्या काळात तिथं कोन राहत होतं?"

दाऊदनं हातातलं संत्रं सोलायचं थांबवलं. "होते लोक. काही आहेत अजून. काही गेले."

"मंग तेबी बसले असन कुठं तरी, असेच."

दाऊदनं संत्रं खाली ठेवलं. "असतील," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का लक्ष्मणराव, मला नीट कळत नाही मी जातोय की परततोय. इथं जन्मभर लोक मला इस्राएल म्हणाले. तिथं माझ्या पोरांना हिंदुस्थानी म्हणतात. बेन्जी सांगतो, बाबा, येताना कोकम आणा."

तेवढ्यात नलू बोलली. ती पाण्याशी बसून परात धूत होती; तिथूनच, पाठमोरी. "मामा, सांगून टाका नं. आज सांगतो म्हणले होते."

दाऊदनं हन्नावैनींकडं पाहिलं. वैनींनी मान फिरवली. "मी म्हटलं होतं, आधी तिच्या आईशी बोला. माझं ऐकलं नाहीत."

"काय सांगाचं हाये?" प्रभाकरराव म्हणाले. इतका वेळ ते एक अक्षर बोलले नव्हते.

नलू उठली. ओल्या हातांनीच उभी राहिली. "बाबा, मले मामाकडं जायचं हाये. कायमचं का काय ते आज नाई सांगता येत. तिथं दवाखान्यात काम भेटते. पण खरं कारण ते नाई." ती अडखळली. "कोणी गाव विचारलं की मी सेलू सांगतो. आबाजी म्हणतात, आपण सेलूचे नाई, पिंपळझरीचे. पिंपळझरी अशी पाण्यात. प्रेमदासकाकाचं गाव दुसऱ्याच देशात. लहानपणापासून मी सारी गेलेलीच माणसं पाह्यली. परत गेलेली माणसं कशी दिसतात, ते मले एकदा पाह्यचं हाये."

प्रभाकररावांनी बायकोकडं पाहिलं. "तुले मालूम होतं?"

"नाई."

"तिला तिथं कोणी अडवणार नाही, प्रभाकरराव," दाऊद समजुतीनं म्हणाला. "आमच्यात आईवरून धरतात. आई आमची, म्हणून मुलगी आमची. मी पुढं जाऊन सगळं मार्गी लावतो, दिवाळीनंतर ती येईल."

प्रभाकरराव उठले आणि काठाकाठानं चालू लागले. चपला तिथंच राहिल्या. प्रेमदास त्यांच्यामागं जायला निघाला, पण लक्ष्मणरावांनी काठी आडवी धरून त्याला बसवलं.

अन्नपूर्णा भावाकडं बघत होती. तेवीस वर्षं ती सासरची बोली बोलत आली होती. आता तोंड उघडलं तेव्हा रेल्वे क्वार्टरातली भाषा बाहेर आली. "आईवरून? आई कोण तिची, दाऊद?"

"म्हणजे काय? तूच."

"तिथल्या साहेबांनी विचारलं तर काय सांगशील? माझ्यासाठी सात दिवस जमिनीवर बसलास तू. मी मेल्यावर दोन वर्षांनी ही पोर जन्मली. मेलेल्या बाईला मुलगी कुठून झाली, म्हणून सांगशील?"

"रिबका..." हन्नावैनी पुटपुटल्या.

"तुम्ही नका बोलू, वैनी. तुम्ही मला वॉर्डातच ओळखलंत, मी तिथं नसतानाही. ह्याला सांगू दे. माझी मुलगी मागायला आलाय, तर मी कोण ते सांगू दे."

दाऊदनं टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली. मग त्यानं खाकरून, सरळ उभं राहून, साहेबासमोर उभं असल्यासारखं सांगितलं, "आईचं नाव रिबका शालोम वाकरूळकर. माझी धाकटी बहीण. वर्ध्याला जन्मली. सेलूला राहते." तो थांबला. "जिवंत आहे."

शेवटचे शब्द पाण्यावरून गेले. अन्नपूर्णेनं तोंडाला पदर लावला. हन्नावैनींनी तिला जवळ ओढलं.

लक्ष्मणराव पुढं वाकले. "काय म्हनलं त्यानं? काय नाव?"

"रिबका, मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली.

"रिबका." म्हाताऱ्यानं ते नाव जिभेवर घोळवून पाहिलं. "चांगलं नाव हाये. तुले शोभते. आमी काऊन बदललं?"

"तुमीच तं लिहिलं होतं, तांदळात."

"तांदूळ तं दुसऱ्याच दिवशी शिजवून खाल्ले," लक्ष्मणराव म्हणाले, आणि विचारात पडले.

नलू अजून तशीच उभी होती. "आबाजी, तुमी तं सांगा. मी जाऊ का नको?"

"मले काऊन विचारतं? मी म्हनलं असतं तं धरन थांबलं असतं का? तुह्या मायले विचार. तिनं जानंबी पाह्यलं, राहनंबी पाह्यलं."

अन्नपूर्णा उठून नवऱ्यामागं गेली. प्रभाकरराव बरेच पुढं, एका वाळक्या झाडापाशी उभे होते. ऊन उतरलं होतं, पाण्याला तांबूस रंग चढत होता, आणि त्या रंगात ते अगदी तेव्हाचे, शेजारच्या खोलीत राहणारे वाटले. ती शेजारी जाऊन उभी राहिली.

"ती गेली तं येनार नाई," ते म्हणाले.

"मी तं अकरा मैलावर होते. मी गेले का माहेरी? मैलानं काई होत नाई. तिथलं दार लागलं होतं."

"मी काई दार लावून राह्यलो का?"

"तिच्याकडं पाठ करून उभे हाये तुमी."

प्रभाकरराव वळले नाहीत. बऱ्याच वेळानं, पाण्यालाच विचारावं तसं त्यांनी विचारलं, "अन् तू? ती तुह्यावरूनच जाऊन राह्यली. म्हंजे तुलेबी जाता येते. मनात हाये का तुह्या?"

हा प्रश्न ते तेवीस वर्षं जवळ बाळगून होते, हे तिला त्या क्षणी कळलं. दाऊद ओसरीवर येऊन बसायचा तेव्हा ते गुरं पाहायला का निघून जायचे, तेही कळलं. तिनं खरं उत्तर आत शोधलं. वडिलांची पश्चिमेची भिंत, दिव्याचं तेल, न पाहिलेला कोकणचा समुद्र, त्याहून न पाहिलेला तो देश. सगळं जागच्या जागी होतं, आणि आता त्यातलं काही ओढत नव्हतं.

"जाता येत नव्हतं, तेव्हा रोज जात होते," ती म्हणाली. "तुमी घोरत असा, अन् मी बाबाच्या दारात उभी असे. आज दाऊदनं बलावलं. सगळ्यांसमोर नाव घेतलं. आता वाटते, हाये तिथं बरी हाये. पन पोरीले कोनी नाई म्हनू नये. माह्यासारखं तिनं स्वप्नातल्या स्वप्नात जन्म काढू नये."

थवा पाण्यावरून उठला, एक मोठं वळण घेऊन पुन्हा दुसरीकडं बसला. मग प्रभाकरराव परत फिरले. दगड टोचत होते, म्हणून जपून पावलं टाकत आले. चादरीपाशी येऊन त्यांनी चपला घातल्या. सगळे त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी कोणाकडं पाहिलं नाही.

"दाऊदभाऊ, तिकडं थंडी कशी असते?"

दाऊद गोंधळला. "असते चांगली. यरुशलेमला एखाद्या वर्षी बर्फसुद्धा पडतो म्हणे."

"प्रेमदास, तुह्याकडं गरम कापड हाये का?"

"हाये नं. बढिया हाये, लुधियानाचं."

"पाह्य बरं मंग, कोटाले किती लागन."

प्रेमदासजवळ मोजायला काही नव्हतं. गुळानं चिकट झालेले हात त्यानं पाण्यात धुतले, धोतराला पुसले, आणि नलूला उजेडाकडं तोंड करून उभं केलं. मग खांद्यापासून मनगटापर्यंत वीत वीत ठेवत मोजू लागला. "हिकु, ब, टे..." इतकी वर्षं मराठी मुलखात दुकान चालवूनही माप तो सिंधीतच मोजायचा.

"जरा ढिला धर," प्रभाकरराव म्हणाले. "आतून अजून काई घालता आलं पाह्यजे."

नलू हात पसरून उभी होती आणि एकसारखी रडत होती. डोळे पुसायला हात खाली घ्यावा, तर माप चुकलं असतं. अन्नपूर्णा तिच्या मागं गेली, आणि प्रेमदासच्या विती आड येऊ नये म्हणून तिची वेणी उचलून हातात धरून राहिली.